काळ्यावर काळी भेग

९ जानेवारी

आमच्या वर्कशॉपच्या मालकीण विजयमालाताईंनी नव्या वर्षाच्या दोन डायऱ्या दिल्या. म्हणाल्या, एक मशीनजवळ ठेवा, नव्या मटेरियलचं सेटिंग रोजच्या रोज लिहा. दुसरी मी घरी आणली. लिहायची सवय नाही, पण एकतीस वर्षं नोकरी करून काही लिहून ठेवलं नाही, हेही बरं नाही.

नवं मटेरियल म्हणजे काळ्या चकत्या. दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या, जाडीला दुप्पट. सिरॅमिक. कपबशीच्या जातीचं, पण आत टायटॅनियमचं काहीतरी मिसळून भट्टीत दाबलेलं. संगमनेरकडच्या एका डेअरीचं काम आहे. दुधाची पावडर करताना दूध जोरात फवारतात, त्या नोझलच्या आत ही चकती बसते. मधे एक भोक आणि बाजूला चार तिरपे खाचे. स्टीलच्या चकत्या तिथे महिन्याभरात झिजतात. चोवीस नग हवेत, आधी बारा.

डेअरीच्या मेंटेनन्सचे हनुमंतराव स्वतः घेऊन आले होते. म्हणाले, "पुण्यात दोघांनी हात जोडले. ड्रिल मारलं तर ड्रिल जातंय, नाहीतर चकती फुटतीय."

मी म्हटलं, ड्रिलचं कामच नाही. स्पार्क मशीनला माल कडक आहे की मऊ, याचं देणंघेणं नसतं. त्यातून वीज गेली पाहिजे. तेलात जॉब ठेवायचा, वरून तांब्याचा इलेक्ट्रोड केसाएवढं अंतर ठेवून आणायचा. ठिणग्या पडत जातात आणि कण कण उडत जातो. मीटर लावून बघितलं. वीज जाते. म्हणजे होणार.

राजनंदिनी मात्र म्हणाली, "काका, ही उष्णता सहन करत नाही. भेगा पडतील." राजनंदिनी म्हणजे आमची नवी इंजिनिअर, तीन महिने झाले. पोरगी हुशार आहे, पण पुस्तकातलं आधी बोलते.

१२ जानेवारी

स्टीलच्या सेटिंगवर पहिली चकती लावली. खाच्याचा कोपरा पापुद्र्यासारखा उडाला. दुसरीचंही तेच. राजनंदिनी काही बोलली नाही, हे तिचं चांगलं. करंट निम्म्यावर आणला.

१६ जानेवारी

आज आवाज जमला. लोक मीटर बघतात, मी आवाज ऐकतो. चांगली ठिणगी पडते तेव्हा मंद आचेवर तेलात जिरं टाकल्यासारखी एकसारखी चरचर येते. आवाज तुटला की समजायचं खाली कचरा साचलाय. तेलाचा झोत थोडा तिरपा केला आणि चरचर बसली. तीन अँपिअर. हळू होतं. एक चकती म्हणजे पूर्ण शिफ्ट. पण कोपरा शाबूत.

भिंगातून सगळीकडून बघितली. एक भेग नाही. रजिस्टरला सही केली. ताईंनी पेढे मागवले. चार वर्षांपूर्वी ताईंचे यजमान, आमचे साहेब, गेले तेव्हा नागापूर एमआयडीसीत सगळे म्हणत होते, ही बाई शेड विकणार. तीन मशीन आणि सहा माणसं आजही आहेत.

१९ जानेवारी

इन्स्पेक्शनच्या टेबलावरची ट्यूब बदलायला छगनला सांगितलं. छगन आमचा वायरमन.

"काका, दिवाळीत तर नवी टाकली."

"मग ती कमी वॅटची असंल."

"न्हाई हो, आधीपेक्षा जादाची हाय."

हल्लीच्या मालात दम नाही. तांब्याचंही तेच. नवीन सप्लायरकडून आलेलं तांबं आणि पितळ शेजारी ठेवलं तर फरक कळत नाही, इतकं मळकट. ड्रॉइंगचे प्रिंटसुद्धा फिक्के येतात. राजनंदिनी आता ड्रॉइंग हातानं मोठं करून काढून देते, जाड मार्करनं. आकडे बोराएवढे. एवढी शिकलेली पोरगी आणि अक्षर पहिलीच्या फळ्यावरचं. मी हसलो तर ती पण हसली.

२३ जानेवारी

पाच चकत्या झाल्या.

संध्याकाळी येताना शेंडी गावाच्या पुढे गाडी खड्ड्यात गेली. पडलो नाही. समोरून येणारा प्रत्येक जण डोळ्यावर लाईट मारतो, कुणाला डिपर द्यायची अक्कल उरली नाही. सत्यशीलाला सांगितलं तर म्हणाली, "अवं, चष्म्याचा नंबर तरी बगून घ्या." चष्मा चार वर्षांपूर्वीचाच आहे, एक ओरखडा नाही त्याला.

२७ जानेवारी

हनुमंतरावांचा फोन. चार तारखेपर्यंत बारा पाहिजेतच. दूध वाढलंय आणि पावडर सुकवायचा टॉवर बंद ठेवायची त्यांना एकच दिवस परवानगी आहे. सात झाल्यात. या चालीनं बसत नाही.

करंट तीनचा चार केला. चरचर थोडी जाड झाली, पण तुटली नाही. राजनंदिनीला सांगितलं नाही. सेटिंगच्या डायरीत मात्र लिहिलं, लपवायचं कशाला. आठवी चकती साडेपाच तासात उतरली. भिंगातून बघितली, स्वच्छ.

२ फेब्रुवारी

आज वाद झाला. राजनंदिनीनं लाल डायचे डबे मागवलेत. जॉबवर लाल रंग फवारायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. भेग असली तर आत गेलेला लाल रंग बाहेर पाझरतो आणि रेघ उमटते. मला माहीत आहे, वेल्डिंगवाले वापरतात. ती म्हणाली, प्रत्येक चकतीला करू.

मी म्हटलं, "भिंग आहे ना."

"काका, काळ्यावर काळी भेग. कुणालाही दिसायची नाही."

"तुला दिसायची नाही. मी एकतीस वर्षं हेच बघतोय."

ती ताईंकडे गेली. ताई केबिनमधून बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाल्या, "काकांची सही आहे ना? पुरे झालं."

खरं लिहायचं तर बरं वाटलं. पण राजनंदिनी डबे कपाटात ठेवत होती, तेव्हा तिच्याकडे बघवलं नाही. तिचा अपमान व्हावा अशी माझी इच्छा नव्हती.

४ फेब्रुवारी

बारा चकत्या गेल्या. प्रत्येकीच्या कडेला नंबर कोरलाय.

७ फेब्रुवारी

टॉवर चालू झाला. हनुमंतराव खूश आहेत. उरलेल्या बाराची घाई नाही. आधी तुंबलेले दुसरे जॉब काढायचे, मग तेरावी.

१६ फेब्रुवारी

लिहायला हात होत नाही, तरी लिहितो.

जेवणाच्या सुट्टीनंतर राजनंदिनी हातात तेरावी चकती घेऊन आली. मी पास केलेली. तिनं कुणाला न विचारता डाय मारली होती. पांढऱ्या पावडरीवर लाल रेघ. खाच्याच्या कोपऱ्यातून निघून भोकापर्यंत. ती मला दिसली, पाझरून चांगली जाड झाली होती.

ताईंकडे न जाता ती आधी माझ्याकडे आली होती.

मी चकती पुसली आणि भिंग लावलं. काही नाही. टेबल दारापाशी ओढलं, उन्हात बघितली. काही नाही. म्हटलं, "फारच बारीक आहे ही."

ती म्हणाली, "काका, आता कुठे आहे ते कळल्यावर मला नुसत्या डोळ्यांनी दिसतेय." आणि नखानं दाखवलं, इथून इथपर्यंत.

मी सेटिंगची डायरी उघडली. तेरावी चार अँपिअरवर झालेली. आठवीपासून सगळ्याच चारवर. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा त्या टॉवरमध्ये बसल्यात. आणि त्यांच्यातून दाबानं दूध जातंय.

दोघं ताईंकडे गेलो. ताई म्हणाल्या, "एका चकतीवरून बारांचं कसं ठरवायचं? टॉवर बंद करा म्हणून सांगायचं म्हणजे काय होईल माहीत आहे ना? दूध थांबत नाही."

मी म्हटलं, "ताई, तेरावी माझ्या नजरेखालून गेली. त्या बाराही तशाच गेल्यात. तुकडा निघाला तर पावडरमध्ये जाईल. ती पावडर लेकरं पितात."

ताईंनी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. हनुमंतराव आधी ओरडले. मग म्हणाले, "टॉवर आत्ता बंद करतो. तुम्ही सकाळी सहाला इथं पाहिजे."

१७ फेब्रुवारी

पहाटे ताईंच्या गाडीनं निघालो. छगन चालवायला, मी आणि राजनंदिनी मागे, मधे डायचे डबे.

हनुमंतरावांनी बाराही नोझल खोलून ठेवले होते. टेबलावर पांढरं कापड. बाहेर टँकरची रांग लागली होती, ड्रायव्हर लोक उतरून उभे होते. राजनंदिनीनं एकेक चकती धुतली, रंग मारला, घड्याळ लावून थांबली. एक ते सात स्वच्छ. आठ ते बारा, पाचही लाल. अकरा नंबरची कड एका ठिकाणी उडालेली होती.

हनुमंतराव खुर्चीवर बसले. "तुकडा कुठं हाय मग?"

त्या दहा दिवसांची पावडर अजून गोडाऊनमध्ये होती, लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत ते माल सोडत नाहीत. एवढं एक नशीब. पण पोती किती, आणि तुकडा तिळाएवढा.

टॉवरच्या खाली मोठी चाळणी आहे. तिथे कामाला एक बाई आहेत, पुष्पावती, पन्नाशीच्या. त्यांना बोलावलं. त्या कमरेची पिशवी सोडत म्हणाल्या, "परवा चाळनीवर एक काळं कायतरी हुतं. जळकं दूध असतं, तसलं न्हवतं. दातानं फुटंना. म्हनून कागदात बांधून ठिवलं. कोन विचारतंय का, बगावं म्हनलं."

हनुमंतराव म्हणाले, "मावशी, तुमी दातात धरलं?"

"मग कळायचं कसं?"

त्यांनी कागदाची पुडी टेबलावर उलगडली. सगळे वाकले. राजनंदिनी "हाच, हाच" म्हणाली. हनुमंतरावांनी कपाळाला हात लावून श्वास सोडला. मीही वाकलो. पांढरा कागद होता. त्यावर मला काही दिसेना.

मला वाटलं, तुकडा घडीत अडकला असेल. एका घडीपाशी काळं दिसलं, ते उचलायला गेलो. ती घडीची सावली होती.

पुष्पावती म्हणाल्या, "दादा, तितं न्हाई. ह्ये काय, मधोमध हाय की. तुमच्या बोटाजवळ."

मी बोट फिरवलं. बोटाला लागला. बोटाला लागल्यावरही डोळ्यांना दिसला नाही.

राजनंदिनीनं चिमट्यानं तुकडा उचलला आणि अकरा नंबरच्या कडेला लावला. बरोबर बसला म्हणाली. दुसरा तुकडा गेलेला नाही, कड पूर्ण झाली. मी तिच्या शब्दावर मान हलवली. मला तिथे चकती दिसत होती, तुकडा नाही.

जुन्या स्टीलच्या चकत्या बसवून दुपारी टॉवर चालू झाला. हनुमंतरावांनी जेवायला थांबवलं. मी हात धुवायला म्हणून मागे गेलो आणि नळ तसाच चालू ठेवून उभा राहिलो.

परत येताना राजनंदिनीला विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"आल्यानंतर दोन आठवड्यांनी."

"म्हणून ते मोठं अक्षर."

"हो."

"सांगायचं नाही?"

"काका, कसं सांगणार? मशीन तुम्ही आवाजावर चालवता. माझ्यापेक्षा चांगलं चालवता. मला वाटलं, निभेल."

"निभलं नाही," मी म्हटलं. तेवढंच.

१८ फेब्रुवारी

ताईंना सगळं सांगितलं. करंट मी वाढवला, विचारलं नाही. आणि मला दिसत नाही. हे दुसरं वाक्य मोठ्यानं बोलल्यावर आवाज माझा वाटला नाही.

ताई म्हणाल्या, "आधी डोळे दाखवून या. बाकीचं मागनं बघू." डेअरीला त्यांनी पत्र लिहायला घेतलं होतं, त्यात 'मटेरियलमधील दोष' असं लिहिलं होतं. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, मटेरियलचा दोष नाही, खोडा. त्यांनी खोडलं.

२० फेब्रुवारी

नगरच्या डोळ्याच्या दवाखान्यात गेलो. सत्यशीला बरोबर होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पूर्ण पिकलाय. डॉक्टर तरुण आहेत. विचारलं, काम काय करता? सांगितलं. त्यांनी बॅटरी खाली घेतली. "आणि इतके दिवस जमत होतं?"

म्हटलं, "जमतंय असं वाटत होतं."

माझे आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. मी घरातला पहिला, ज्याचं काम नजरेचं आणि बोटांचं होतं. मी त्याचा फार तोरा केला. ओरखडा नसलेला चष्मा, आणि आतलं भिंगच पांढरं झालेलं.

१ मार्च

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटं लागली. आज पट्टी काढली.

आधी भिंत दिसली. दवाखान्याची भिंत निळी आहे, मी ती मळकी समजत होतो. मग सत्यशीला दिसली. तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळपट डाग आहेत, मोठे. मला वाटलं काही झालं हिला. विचारलं, "हे केव्हापासून?"

"तीन वर्सं झाली की," ती म्हणाली.

"बोलली नाहीस?"

"रोज तर समोर असते. तुमाला दिसतंय आसं वाटायचं."

९ मार्च

डॉक्टरांनी अजून आठ दिवस कामाला बंदी केली आहे. घरी बसून एकच गोष्ट डोक्यात फिरते. तीन वर्षं.

तीन वर्षांत मी काय फक्त चकत्याच पास केल्या? प्रेसखाली पत्रा कापायचे डाय, प्लास्टिकचे साचे, कुणाकुणाचे भोकं पाडायचे पंच. सगळ्यांवर माझी सही. चकतीत भेग होती हे राजनंदिनीनं शोधलं. बाकीच्यांचं कुणी बघितलं?

सत्यशीला म्हणते, जे फुटायचं ते आतापर्यंत फुटलं असेल. असेल. पण स्टील लगेच फुटत नाही, आधी वर्षानुवर्षं चांगलं चालतं. प्रेसखाली कुणाचा तरी हात असतो.

१७ मार्च

कामावर रुजू. नव्या डोळ्यानं शेड बघितली. फार धूळ आहे.

राजनंदिनीनं माझ्यामागे तीन अँपिअरवर सहा चकत्या केल्या आणि सहाही डायमधून काढल्या. एक नापास झाली, ती तिनं स्वतः हातोडीनं फोडून टाकली. सेटिंगच्या डायरीत तिचं अक्षर बारीक आणि सुंदर आहे. डेअरीनं ऑर्डर रद्द केलेली नाही. हनुमंतराव ताईंना म्हणाले, फोन आला नसता तर केली असती.

नव्या चकत्यांच्या रजिस्टरवर सहीच्या रकान्यात आता तिची सही असते. मीच सांगितलं. पहिल्या वेळी ती पेन हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, "कर, मी मशीनवर आहे."

१९ मार्च

तीन वर्षांची जुनी रजिस्टरं काढली. माझ्या सहीचे जॉब एका कागदावर उतरवले, एकशे एकोणीस भरले. दुपारपासून फोन सुरू केले. एकच वाक्य ठरवलं होतं: "रंगनाथ बोलतोय, नागापूरहून. त्या काळात माझी नजर गेलेली होती. माझ्या सहीचं जे काही तुमच्याकडे चालू असेल, ते एकदा लाल डाय मारून तपासून घ्या, खर्च आमचा." खर्चाचं ताईंना विचारून बोललो.

पहिले म्हणाले, काका, तुम्ही केलेला डाय एकदम मस्त चालतोय, कशाला काळजी करता. दुसऱ्यांनी विचारलं, मग आता नजर कशी आहे? सांगितलं, एक डोळा चांगला, दुसरा पुढच्या महिन्यात.

तिसरे सुप्याचे ज्ञानेश्वर पठारे. त्यांचा प्रेसचा डाय मी दोन वर्षांपूर्वी केला होता. ते म्हणाले, "अहो, तो डाय तर तेव्हाच परत पाठवला. कोपऱ्यात हेअरलाइन भेग होती. तुमच्या मॅडमनी आठ दिवसांत नवा करून दिला. तुम्हाला सांगितलं नाही?"

मी म्हटलं, विसरलो असेन. फोन ठेवला.

केबिनमध्ये गेलो. ताई बिलं बघत होत्या. मी उभ्यानंच विचारलं, "पठारेंसारखे किती?"

ताईंनी बिलं बाजूला ठेवली. कोणते पठारे, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "सात."

"नवे कुणी केले?"

"बाहेरून करून घेतले. भोसरीहून."

"मला का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नसता, काका. हे गेले तेव्हा शेडमध्ये मशीन कळणारे तुम्ही एकटे होतात. आधी मला तुमची गरज होती म्हणून बोलले नाही. नंतर बोलायची लाज वाटली." मग म्हणाल्या, "त्या दिवशी राजनंदिनीला मी गप्प बसवलं ना, ते विसरता येत नाही मला."

मला राग यायला हवा होता. आला नाही. आम्ही दोघंही एकाच चकतीवर सही करून बसलो होतो, असं वाटलं.

मी कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि पेन दिलं. म्हटलं, ते सात खोडा. त्यांनी यादीवरून बोट फिरवत, न अडखळता, सातही नावं खोडली. सगळी पाठ होती त्यांना.

"मी दोघांना फोन केले," मी म्हटलं. "राहिले एकशे दहा."

ताईंनी मोबाईल चार्जिंगवरून काढला, चष्मा लावला आणि यादी मधोमध फाडून खालचा अर्धा भाग स्वतःकडे घेतला.